छातीचं ऑपरेशन

माझं हार्टचं ऑपरेशन झालेलं नाही. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या निम्म्या घरांत बरेच महिने तसंच समजत होते आणि तो समज मी मोडला नाही. उलट त्याला अस्तर लावलं, काजं-बटणं केली आणि चांगला पक्का करून ठेवला.

मी शोभा. घरातल्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते, तीस वर्षं झाली. ‘छाती’ हा शब्द माझ्या तोंडात दिवसातून वीस वेळा येतो. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही दहा. मोठ्यानं म्हणते आणि वहीत लिहिते. कुठल्याच बाईला त्यात वावगं वाटत नाही. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याच शब्दाच्या आड मी लपून बसले.

हॉस्पिटलात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, “काकू, तुम्ही लिहा. बायका येतात, घाबरतात, आणि वाचायला साधं काही नसतं.” मला लिहायची सवय मापांच्या वहीपुरतीच. तेव्हा औषधांची नावं वगैरे माझ्याकडून अपेक्षित धरू नका. मला काय वाटलं आणि माझं काय चुकलं, तेवढंच सांगता येईल.

टाचणी

दिवाळीच्या शिलाईचे दिवस होते. गिऱ्हाइकांचं सगळं झाल्यावर स्वतःचा ब्लाऊज अंगावर घालून बघत होते. उजव्या बाजूला टाचणी लावायला बोट टेकवलं आणि खाली काहीतरी कठीण लागलं, कापडात खडा राहावा तसं. दुखत नव्हतं. मी टाचणी लावली आणि पुढची शिवण घातली.

त्यानंतर दीड महिना गप्प राहिले. दिवाळी झाली, मग लग्नसराई आली. खोटं कशाला बोलू, कामाचं निमित्त होतं. भीती होती म्हणून गेले नाही. तुम्ही असं करू नका.

शेवटी ह्यांना सांगितलं. हे एका शाळेत क्लार्क आहेत, सरळ माणूस, बोलणं कमी. हॉस्पिटलात ते बाहेर बाकावर बसले आणि मी आत गेले. तपासण्यांचा आठवडा आधीच होऊन गेला होता, त्या दिवशी निकाल होता. डॉक्टर बाईंनी पेनाची टोपी काढली, परत लावली आणि सांगितलं. कॅन्सर आहे, उजवी बाजू पूर्ण काढावी लागेल, पण वेळेत आला आहात.

मी विचारलं, “हात चालंल न्हवं?”

त्या जराशा हसल्या. “चालेल. व्यायाम करावा लागेल.” मग कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, “घरात आणखी कुणाला होतं? आईला?”

“न्हाय. आई छातीच्या दुखण्यानं गेली, पर ते हार्टचं.”

“तपासलं होतं?”

“तवा नेसरीसारख्या गावात कोण तपासणार?”

त्यांनी काहीतरी लिहिलं. मी बाहेर आले आणि ह्यांना सांगितलं. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले. तेवढ्यात त्यांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी फोन आला. “व्हय, ॲडमिट करायचंय,” हे म्हणाले. “छातीचं ऑपरेशन हाय.” पलीकडून काहीतरी विचारणं झालं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “व्हय, व्हय. हार्टचंच.”

मी मान हलवली. म्हणजे खोटं एकट्या ह्यांचं नाही, दोघांचं.

दोन ब्लॉकेज

वॉर्डातला दिवस फिनेलच्या वासानं सुरू व्हायचा. मग थर्मामीटर, मग चहा आणि दोन बिस्किटं, मग डॉक्टरांची फेरी. जखमेतून एक नळी बाहेर काढलेली असायची आणि तिला पिशवी. वॉर्डात एक आया होत्या. भेटायची वेळ झाली की न सांगता त्या माझा पडदा ओढायच्या आणि नळीवर चादर सारखी करायच्या. आमच्या खोट्याबद्दल त्यांना मी कधी काही बोलले नव्हते. त्या माउलीचं नावही विचारायचं राहिलं, याची आज लाज वाटते.

शेजारच्या जयश्रीवैनी पहिल्याच दिवशी आल्या. मायाळू बाई, पण चौकशीला पक्की.

“किती ब्लॉकेज हुतं?”

“दोन,” मी म्हणाले.

“नव्वद टक्के?”

“ऐंशी.”

जणू भाजीचा भाव चालला होता. जाताना त्यांनी सांगितलं, “आता तेल बंद, तूप बंद. डबा मी देतो की. काय बी काळजी करू नगा.”

माझ्या शेजारच्या खाटेवर गडमुडशिंगीची एक बाई होती. तिचं आणि माझं ऑपरेशन एकच. तिची सासू, नणंदा, सुना सगळ्या यायच्या, खाटेवर दाटीवाटीनं बसायच्या आणि मोकळेपणी रडायच्या. नर्स ओरडायची, तरी रडायच्या. मग त्यातलीच एक कुणीतरी काहीतरी चावट बोलायची आणि सगळ्या हसायच्या. ती आजारी बाईसुद्धा टाके धरून हसायची. मला तिचा हेवा वाटला. माझ्याकडे माणसं कमी येत नव्हती, पण मला रडायचं तर हार्टचं रडावं लागत होतं. माणसांनी भरलेल्या खोलीत इतकी एकटी मी कधी नव्हते.

पुण्याहून मुलगा आला होता. त्याला खरं माहीत होतं. तो चार दिवस राहिला, पाय चेपले आणि गेला. जाताना म्हणाला, “आई, लोकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.” आम्ही ठरवलेलंच होतं.

बिनतेलाचं

किमो लागली नाही. पुढं रेडिएशन आणि गोळ्या. त्यामुळे केस राहिले, आणि केस राहिले म्हणून खोटंही राहिलं.

ह्यांनी गादी बाहेरच्या खोलीत घातली. “तुला धक्का लागंल,” म्हणाले. सकाळचा चहा तेच करायचे, कपडे धुवायचे, माझ्या गोळ्या डबीत वारानुसार लावायचे. एक सोडून सगळं केलं. मी कपडे बदलायला लागले की ते उठून दारात जायचे आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही बघा म्हणाले नाही. माझी मी आरशातसुद्धा बघत नव्हते. न्हाणीतला आरसा मी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

जयश्रीवैनींचा डबा रोज यायचा. उकडलेला दोडका, उकडलेला दुधी, फोडणीवाचूनची आमटी. कोल्हापुरात राहून मिसळीच्या कटाचा थेंब नाही. माझं हृदय ठणठणीत होतं आणि जीभ मरायला टेकली होती. खोट्याची शिक्षा मी जिभेनं भोगली, असं मी तेव्हा गमतीनं म्हणायचे. खरी शिक्षा पुढं होती.

धाकटी बहीण मंगल आजऱ्याला असते, काजूच्या कारखान्यात कामाला. दोन महिन्यांनी तिचा फोन आला. आवाज असा खुशीत, की मला वाटलं पोराचं लग्नच ठरलं.

“आक्का, म्या ईसीजी काढून आले गं! म्हटलं आईचं हार्ट, तुझं हार्ट, आपलंबी बघावं. डॉक्टर म्हणला, एकदम बेस हाय. आता न्हाय बाई मला काळजी.”

मी म्हणाले, “बरं झालं.”

फोन ठेवला आणि मशिनवर हात ठेवून बसून राहिले. आपल्या सख्ख्या बहिणीला मी चुकीच्या दारात पाठवलं होतं. ती तिथून हसत परत आली होती, आणि मी तिला बरं झालं म्हणाले होते. फोन परत उचलायला पाहिजे होता. मी उचलला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत कितीतरी आठवडे घालवले.

अण्णांचं बाकडं

उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कात्री धरली की दोन इंचांत हात थरथरायचा, आणि कापड काही माझ्या हाताची वाट बघत नाही. वाकडं कापलं ते वाकडंच राहतं. त्या व्यायामाच्या मुलीनं आधी भिंतीवर बोटं चढवायला लावली. मग जमिनीवर पाठ टेकून पाण्याच्या छोट्या बाटल्या वर ढकलायला शिकवलं. टाके पूर्ण बरे झाल्यावर डॉक्टर बाईंनी तपासून परवानगी दिली आणि मुलगी म्हणाली, “आता जिमला जा. हलके डंबेल, छातीचा व्यायाम. कुणीतरी समोर उभं राहून बघणारं पाहिजे. हाताला सूज वाटली तर मात्र थांबायचं आणि मला दाखवायचं.”

पेठेत पिठाच्या गिरणीच्या माडीवर बाबूअण्णांची जिम आहे. अण्णा तरुणपणी कुस्ती खेळायचे, आता पन्नाशी उलटली, कान अजून तसेच मोडलेले. अकरा वाजता बायकांची बॅच असते. निम्म्या बायका माझ्याच गिऱ्हाईक. मी व्यायामाचा कागद पुढं केला. अण्णांनी वाचला आणि घडी घालून परत दिला.

“न्हाय वैनी. हार्टच्या पेशंटला म्या छातीचा व्यायाम देत न्हाय. उद्या काय झालं मंजी?”

“डॉक्टरनी सांगितलंय की.”

“त्यांनी सांगितलं तर त्यांनीच करून घ्यावा. तुमी चाला, फिरा. ह्ये काम आपलं न्हवं.”

मी खाली उतरले. गिरणीत पीठ उडत होतं. मला अण्णांचा राग आला, मग ह्यांचा आला, आणि घरी पोचेपर्यंत उरला तो माझाच.

त्या दुपारी मी स्वतःसाठी ब्लाऊज बेतायला घेतला, ऑपरेशननंतरचा पहिला. ब्लाऊजला छातीच्या उभारासाठी टक्स घालतात, म्हणजे कापडाला चिमटा देऊन शिवतात. डावीकडं टक्सची खूण केली. उजवीकडं खडू नेला आणि थांबले. तिथं टक्स नको होता. दोन बाजू दोन मापांच्या. आणि माझ्या हाताला आठवलं, की असा ब्लाऊज मी याआधी एकदा बेतला आहे.

आईचा. माझं लग्न ठरलं होतं, शिवण नुकतीच शिकले होते. आई म्हणाली होती, “उजवीकडनं जरा ढिल्लं ठेव गं. टोचतंया.” मी हसले होते. म्हणाले होते, “दोनी बाजू सारख्या नसल्या तर लोकं मला काय म्हनतील?” पण ठेवला ढिला. लग्नानंतर वर्षाच्या आत आई गेली. छातीच्या दुखण्यानं.

खडू हातात तसाच राहिला. मी रडले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा खरं रडले आणि जवळ कुणी नव्हतं. आईजवळ तरी कोण होतं?

झोपा की बाकावर

दुसऱ्या दिवशी अकराला परत माडी चढले. मंगलला सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द निघेल याची खात्री नव्हती. म्हटलं, आधी परक्या माणसापुढं निघतो का बघू.

“अण्णा, माझं हार्टचं काय झालेलं न्हाय. मला कॅन्सर झालता. उजवी बाजू काढलीया.”

मागं बायकांच्या सायकली थांबल्या.

“मंजी हार्ट बरं हाय न्हवं?” अण्णांनी विचारलं.

“व्हय.”

“मग झोपा की बाकावर.”

बस, एवढंच. दया नाही, उसासा नाही. मी अण्णांची त्या वाक्याबद्दल जन्मभर ऋणी आहे.

त्यांनी एक-एक किलोचे डंबेल दिले. मी म्हणाले, एवढेसे? ते म्हणाले, “वजनाचं काय घिऊन बसलाय? चाल नीट पायजे.” मग शिकवलं, ते जसं कळलं तसं लिहिते, कुणाला उपयोगी पडेल. पण आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

बाकावर पाठ टेकून झोपायचं. दोन्ही पाय जमिनीवर, टाचा रोवलेल्या. खांद्याची पाती मागं एकमेकींजवळ आणायची, पाठीला मधोमध चिमटा घेतल्यासारखी. मनगट सरळ, मागं मोडायचं नाही. कोपर अंगाला चिकटवायचे नाहीत आणि एकदम आडवे फाकवायचेही नाहीत, बाही काखेतून जशी तिरकी उतरते तेवढे दूर. डंबेल छातीच्या बाजूला सावकाश आणायचे, मग श्वास सोडत वर. वर गेल्यावर एकमेकांवर आपटायचे नाहीत आणि कोपर झटक्यानं ताणायचे नाहीत.

“खाली आणताना घाई न्हाय,” अण्णा डोक्याशी उभे राहून सांगत होते. “वर कोनबी ढकलतंय.”

माझा डावा हात सरळ वर गेला. उजवा अर्ध्यावर थरथरायला लागला. लांब दांडी असती तर डाव्यानं उजव्याचं ओझं गुपचूप उचललं असतं. डंबेलमध्ये ती सोय नाही. ज्याचं त्यानं उचलायचं.

“डाव्याला थांबवा,” अण्णा म्हणाले. “त्येला म्हणावं, भावाची वाट बघ.”

मी हसले आणि उजवा हातही वर पोचला. पण माझे खांदे पुढं गोळा झाले होते. ऑपरेशनपासून मी तशीच चालत होते, कुबड काढून, पदर पुढं ओढून. अण्णा एकदम त्यांच्या तालमीतल्या आवाजात ओरडले, “खांदं मागं! छाती काढा, वैनी, छाती!”

माडी हादरली. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या आणि अण्णांना आपण काय बोललो ते कळलं. बिचारे कानापर्यंत लाल झाले. “तसं न्हवं... मंजी...”

“एकच हाय, अण्णा,” मी म्हणाले. “तीच काढते.”

आधी कुणी हसायला धजेना. मग माझी मीच हसले, आणि मग सगळी माडी. मी खांदे मागं घेतले, छाती वर केली, एक भरलेली आणि एक सपाट, आणि दहा वेळा डंबेल वर नेले. अकराव्याला अण्णांनी ते हातातून काढून घेतले.

संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी गेली. जयश्रीवैनी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, “मग मला दोडका कशाला उकडायला लावलासा इतकं दिवस?” आणि डोळे पुसत परत गेल्या. अर्ध्या तासानं मिरचीच्या भज्यांची ताटली आली, तेलात थबथबलेली.

त्या आठवड्यात ह्यांनी गादी आत आणली. न्हाणीतला आरसा मी सरळ केला.

आजऱ्याची गाडी

मंगलला फोनवर सांगायचं नाही, हे ठरवलं होतं. बोलावून घेतलं, ब्लाऊजच्या मापाचं निमित्त करून. ती आली, पिशवीत काजू आणि घनसाळ तांदूळ. मी टेप गळ्यात घातला, तिला समोर उभी केली आणि माप न घेताच सगळं सांगितलं.

ती खुर्चीवर बसली. “थानात?” तिनं विचारलं. थान म्हणजे स्तन. आमच्या आईच्या तोंडचा शब्द, किती वर्षांनी ऐकला. “आक्का, आईलाबी तितंच हुतं.”

ब्लाऊज बेतताना मला आलेला संशय ती खात्रीनं बोलत होती.

“जखम झालती. म्या हळद भरायचे रोज. आई म्हणली, शोभाला सांगू नगंस, तिचं लगीन मोडंल. म्या बारा वर्साची. पुढं सगळी छातीचं दुखनं म्हनायला लागली, मग मलाबी वाटलं आसंल हार्टच.” ती रडत होती आणि मला हातानं मारतही होती, दंडावर, डाव्या. “एकटीनं सोसलंस की गं. आईनं एकटीनं, तू एकटीनं. म्या काय मेले हुते?”

तिनं मारायचं थांबवावं असं मला वाटत नव्हतं. खूप महिन्यांनी कुणीतरी मला न घाबरता हात लावत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी हॉस्पिटलात गेलो. मंगलचा रिपोर्ट पुढं चांगला आला, वर्षाच्या वर्षाला दाखवायचं आहे. हे आधीच सांगते, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या सकाळी आम्हाला ते माहीत नव्हतं. मंगलनं माझा हात घट्ट धरला होता.

काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, “काय दाखवायचंय?”

मी म्हणाले, “हिची छाती तपासायचीय.”

“दुसरा मजला. हार्टचे डॉक्टर तिथं बसतात.”

मी मंगलकडे बघितलं. तिनं माझा हात सोडला, खांदे मागं घेतले आणि कारखान्यात मशिनच्या आवाजावर बोलतात त्या आवाजात म्हणाली, “हार्ट न्हवं, बाई. थान. आईला कॅन्सर हुता, हिला हुता, आता माजं बगायचं हाय.”

हॉलमधल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. मग बाकावरच्या एकीनं मांडीवर घट्ट धरलेली पिशवी खाली ठेवली, जरा सरकली, आणि आम्हा दोघींना जागा केली.